बंद करायची गरज नाही

“तीस वेळा,” कुवाबारा-सान म्हणाले. “निदान तीस वेळा ढवळायचं. सगळी चव तळाशी असते.”

मी ते मराठीत सांगितलं. समोर बसलेल्या हणमंत गोफण्यांनी मान हलवली, डाव्या हातातला काटा वाडग्यात रोवला आणि मनात मोजत ढवळायला लागले. उजवा हात त्यांनी टेबलाखाली ठेवला होता. आत आल्यापासून तो एकदाही वर आला नव्हता, आणि तिकडे आपली नजर जाऊ नये म्हणून मी भिंतीवरचे कंदील, काउंटर, पाण्याचा जग, दिसेल ते बघत होते.

“मॅडम, ह्याला रस्सा नसतो का?” गोफण्यांनी विचारलं.

“नसतो. रश्शातल्या नूडल्स वेगळ्या असतात. ह्या कोरड्या.”

काय विचारलं ते मी कुवाबारा-सानना सांगितलं. ते लगेच पुढे वाकले. “मुद्दाम हेच ठिकाण शोधलं. रस्सा असता तर एका हातानं त्रास झाला असता, अंगावर उडालं असतं. हे काट्यानं खाता येतं. उघडून आठच दिवस झालेत. परवा मी एकटा येऊन डाव्या हातानं खाऊन बघितलं.”

हेही मी सांगितलं, शब्दन् शब्द. गोफणे कुवाबारा-सानकडे बघून नुसतं हसले, आणि मी परत पाण्याच्या जगाकडे बघायला लागले.

ह्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून काम करत होते. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथे. मशीन जपानहून यायच्या, त्या बसवायला जपानी माणसं यायची, आणि ती माणसं आणि आमची माणसं ह्यांच्यामध्ये मी उभी असायची. कुवाबारा-सान त्यांतले सगळ्यात जुने. पन्नाशी उलटलेले, अंगानं बारीक, कानांवरचे केस पांढरे. मराठी त्यांना मोजून पाच-सहा शब्द यायचे. माझं नाव शाल्मली देवस्थळी. ते मला ‘शारुमारी-सान’ म्हणायचे; ‘सान’ म्हणजे आपल्याकडचं ‘राव’ किंवा ‘बाई’.

गोफणे पत्रा सपाट करायच्या मशीनवर होते. सात आठवड्यांपूर्वी, नोव्हेंबरच्या अखेरीस, त्या मशीनच्या रोलरमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अपघात झाला तेव्हा कुवाबारा-सान जपानात होते. जानेवारीत परत आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं, “मला त्या माणसाला भेटायचंय. कारखान्यात नको. कुठेतरी जेवायला बसू.”

मी आजारी असल्याचं सांगितलं. मग, शनिवारी मला गावाला जायचंय म्हणून सांगितलं. मग आमच्यातल्या दुसऱ्या दुभाष्याचं नाव सुचवलं. त्यांनी तिन्ही वेळा ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्हीच हव्यात. मशीन बसवली त्या दिवशी तिथे तुम्हीच होतात.”

म्हणून त्या शनिवारी, दुपारी एकच्या सुमाराला, आम्ही तिघं वाकडच्या त्या नव्या हॉटेलात बसलो होतो. दाराला निळा कापडी पडदा. कुणी आत आलं की काउंटरमागची दार्जिलिंगकडची मुलं एका सुरात जपानी स्वागत ओरडायची, आणि दर वेळी मी दचकायची.

सुरुवातीला थोडा घोळ झाला होता. कुवाबारा-साननी तिघांसाठी चिकन मागवलं तेव्हा गोफणे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “मॅडम, आज शनिवार आहे. साहेबांना वाईट वाटंल का?”

मी सांगितलं. कुवाबारा-सान उठून स्वतः काउंटरवर गेले, आचाऱ्याशी पाच मिनिटं बोलले आणि परत आले ते खूश होऊन. चिकनऐवजी मशरूम, अंडं नाही, वरून घालतात ती माशाची पूडही नाही. “मला माफ करा, मी आधी विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. गोफणे म्हणाले, “साहेबांना सांगा, एवढं आमच्या घरीपण कोणी करत नाही.” मी इकडून तिकडे, तिकडून इकडे सगळं नेऊन पोचवत होते. त्यातला एक शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता. दोघांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. त्या जाड, चिकट नूडल्सचा एकेक घास मी पाण्यानं ढकलत होते.

“चव कशी आहे?” कुवाबारा-साननी विचारलं.

“भारी आहे. थोडी मॅगीसारखी, पण भारी,” गोफणे म्हणाले. मग जरा थांबून, “डाव्या हातानं जेवायचं अजून अंगवळणी पडंना. लोकांसमोर लाज वाटते. घरी बायको भरवते.”

मी ते सांगितलं. कुवाबारा-साननी चॉपस्टिक खाली ठेवल्या. ह्यापुढे काय येणार ते मला कळलं. गेले सात आठवडे मी त्याचीच वाट बघत होते, अंथरुणात, बसमध्ये, आंघोळ करताना.

“शारुमारी-सान,” ते म्हणाले, “त्यांना विचारा. मी सांगितलं होतं, तरी त्यांनी मशीन बंद का केली नाही?”

आता ते सांगायलाच हवं.

ऑक्टोबरमध्ये ती मशीन बसवली त्या दिवशी शेजारचा पत्रा ठोकायचा प्रेस चालू होता. दर चार सेकंदांनी तो आदळायचा आणि पायाखालची फरशी हादरायची. कुवाबारा-सान रोलर सावकाश फिरवून दाखवत होते, गोफणे बघत होते, मी मध्ये. आठवड्यातून एकदा रोलर पुसायचे असतात. ते कसं करायचं हे सांगताना कुवाबारा-सान म्हणाले, “तोमेनाकु...” आणि प्रेस आदळला.

जपानीत ‘तोमेनाकुचा’ म्हणजे थांबवलंच पाहिजे. ‘तोमेनाकुतेमो’ म्हणजे नाही थांबवलं तरी चालेल. फरक सगळा शेपटात. आणि ते शेपूट मला ऐकू आलं नाही.

त्या दिवशी मी त्यांना तीनदा विचारलं होतं, “पुन्हा सांगता का?” तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर आठी आली होती. चौथ्यांदा विचारायची मला लाज वाटली. एवढंच. रोलर फिरत होते, त्यांच्या हातात लांब दांड्याचा ब्रश होता, तेव्हा अर्थ दुसराच असणार असं मी धरून चालले आणि गोफण्यांना सांगितलं, “मशीन बंद करायची गरज नाही. गती कमी ठेवून पुसायचं.”

अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी व्हिडिओवर मीटिंग झाली. पडद्यावर कुवाबारा-सान लाल झाले होते. ‘तोमेनाकुचा’, ‘तोमेनाकुचा’, पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. त्या क्षणी मला कळलं. आणि त्याच क्षणी मी आमच्या अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, “साहेब म्हणताहेत, सूचना दिलेल्या होत्या.” अहवालात कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं. त्या कागदाचं जपानी भाषांतर मीच केलं.

तर आता कुवाबारा-सान उत्तराची वाट बघत होते. गोफणे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खरा प्रश्न विचारला असता तर ते म्हणाले असते, तुम्हीच तर सांगितलं की बंद करायची गरज नाही. आणि त्याचं जपानी मलाच करावं लागलं असतं.

“साहेब विचारतात,” मी म्हणाले, “त्या दिवशी नेमकं झालं कसं?”

गोफण्यांनी काटा खाली ठेवला. “काय सांगू मॅडम. माझंच ध्यान नव्हतं. हातातलं कापड जरा पुढं गेलं, त्याच्यामागं हात गेला. चूक माझीच. साहेबांनी तर सगळं नीट शिकवलं होतं.”

मी हे जसंच्या तसं जपानीत सांगितलं. एक शब्दही बदलावा लागला नाही.

कुवाबारा-सान मागे टेकले. “असं होय,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा हलका होईल असं मला वाटलं होतं. तो झाला नाही. “सात आठवडे मी विचार करतोय की माझ्याच सांगण्यात काही राहिलं का.” मग ते वळले आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, “शारुमारी-सान, माझं सांगणं त्यांच्यापर्यंत बरोबर पोचलं होतं ना?”

“हो,” मी म्हणाले.

एवढा छोटा शब्द. संपलं, मला वाटलं. आता कुणी विचारणार नाही. दोघांचंही समाधान झालंय. अजून अर्धा तास बसायचं आणि घरी जायचं.

वाडगे रिकामे होत आले तेव्हा काउंटरवरच्या मुलानं तीन छोट्या वाट्या भात आणून ठेवला. तळाशी उरलेल्या मसाल्यात तो कालवून खायचा असतो. मी तसं सांगितलं तेव्हा गोफणे पहिल्यांदा मोकळे हसले. “भात होय! मग आधीच आणायचा ना.” त्यांनी चमच्यानं भात वाडग्यात लोटला, कालवला, एक घास खाल्ला आणि अगदी सहज म्हणाले, “मॅडम, दोन नंबर शेडमधली मशीन सुरू झाली म्हणं?”

“हो. सोमवारी.”

“दिगंबर लोंढेला टाकलाय त्याच्यावर. माझ्याच हाताखाली शिकलेला. काल रात्री त्याचा फोन आला होता. म्हणाला, उद्या पहिल्यांदा रोलर पुसायचेत, कसं करू? मी सांगितलं त्याला, साहेबांनी शिकवलंय तसंच कर. मशीन बंद करायची गरज नाही, बारीक गतीवर ठेव. पण माझ्यासारखा येडेपणा करू नको म्हटलं, हात लांब ठेव.”

काउंटरमागची मुलं कुणाच्या तरी स्वागताला ओरडली. मी दचकले नाही. मला ते फार लांबून ऐकू आलं.

पहिल्या मशीनला अपघातानंतर, रोलरमध्ये हात जाऊ नये म्हणून, जाळी बसवली होती. दोन नंबरच्या मशीनची जाळी अजून यायची होती. त्या जाळीच्या पत्रव्यवहाराचं भाषांतर मीच करत होते.

“किती वाजता पुसतात शनिवारी?” मी विचारलं.

“पाळी सुटायच्या आधी. पावणेदोनला.”

माझ्या मनगटावर एक अडतीस झाले होते.

मी पर्समधून फोन काढला. दोन नंबर शेडचे सुपरवायझर वाळुंज. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तीच घंटी. शेडमध्ये कामगारांना फोन नेता येत नाही, आणि वाळुंजांचा फोन बहुतेक टेबलाच्या खणात असायचा. मग गेटचा नंबर लावला. सणस नावाचे वॉचमन होते, त्यांनी उचलला.

“सणस, मी देवस्थळी बोलतेय. पळत दोन नंबर शेडमध्ये जा आणि सांगा की रोलरची मशीन बंद करा. आत्ताच्या आत्ता.”

“कोण देवस्थळी?”

“दुभाषी! जपानी साहेबांबरोबर असते ती!”

“मॅडम, गेट सोडून कसा जाऊ? ट्रक उभेत दोन. वाळुंज साहेबांना लावा की.”

“ते उचलत नाहीयेत. सणस, तुमच्या पाया पडते...”

“आणि मी जाऊन काय सांगू? कुणी सांगितलं म्हणू? माझं कोण ऐकतंय तिथं?”

समोर दोघंही हातातला घास तसाच धरून बघत होते. एक एकोणचाळीस. माझं ऐकून मशीन बंद होणार नव्हती. ज्याचं ऐकून ती बंद होईल असा एकच माणूस माझ्या ओळखीत होता, आणि तो माझ्या हाताच्या अंतरावर बसला होता.

मी फोन कानापासून दूर केला आणि जपानीत म्हणाले, “मी त्यांना सांगितलं होतं, थांबवायची गरज नाही. तुमचं बोलणं मला नीट ऐकू आलं नव्हतं. चूक माझी आहे. आत्ता दोन नंबर शेडमध्ये दुसरा माणूस तेच करायला निघालाय. पावणेदोनला.”

कुवाबारा-साननी मला काही म्हणजे काही विचारलं नाही. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि उभे राहून ओरडले, “कुवाबारा! बंद! माशिन बंद! दोन शेद! बंद करा! बंद करा! बंद करा!”

अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. फोनमधून सणसचा आवाज आला, “हो साहेब, हो साहेब,” आणि मग रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज. मग काहीच नाही. फोन चालू होता, पण पलीकडे फक्त एका ट्रकचं इंजिन घरघरत होतं.

कुवाबारा-साननी फोन टेबलाच्या मधोमध, तीन वाडग्यांच्या मध्ये ठेवला. आम्ही बसलो. गेटपासून दोन नंबर शेड चांगलं लांब. सणस साठीला आलेले, जाडे. मी ते पळत असतील ती वाट मनात चालत होते: वजनकाटा, पहिलं शेड, कँटीन, भंगाराचा ढीग.

“मॅडम,” गोफणे म्हणाले. “साहेब ‘बंद करा’ का म्हणाले?”

मी त्यांच्याकडे बघितलं. इतके दिवस मी इकडचं तिकडे नेत होते. हे एक वाक्य कुठूनच आलेलं नव्हतं. ते माझं होतं, आणि ते मला जुळवता येईना.

“पुसताना मशीन बंद करायची असते,” मी शेवटी म्हणाले. “साहेबांनी तेच सांगितलं होतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

“म्हणजे बंद करायची होती?”

“हो.”

“साहेब तसं म्हणाले होते?”

“हो. मला ऐकू आलं नव्हतं आणि मी परत विचारलं नाही.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“अपघाताच्या दुसऱ्या दिवशी.”

गोफण्यांनी टेबलाखालचा हात वर काढला आणि वाडग्याशेजारी ठेवला. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, एका बाजूनं फार अरुंद झालेला. ते रागावतील, ओरडतील, उठून मला मारतील, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं होतं. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. ते फोनकडे बघत होते.

“मी दिगंबरला सांगितलं,” ते म्हणाले. “मॅडम, मी माझ्या तोंडानं त्याला सांगितलं.”

“काय म्हणताहेत ते?” कुवाबारा-साननी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

एक पंचेचाळीस झाले. एक सेहेचाळीस. बिल ठेवायला आलेला मुलगा आमच्या टेबलाकडे बघून तसाच मागे फिरला. मी आयुष्यात इतकी घाबरलेली कधीच नव्हते, आणि गंमत अशी, की त्या भीतीत माझ्या नोकरीचं, नावाचं काही उरलं नव्हतं. सात आठवडे जिला मी भीती समजत होते ती काहीच नव्हती. मला फक्त एक हात दिसत होता, कापड धरलेला, माझ्या ओळखीचाही नसलेल्या माणसाचा.

एक बावन्नला फोनमधून खरखर आली. कुवाबारा-साननी हात पुढे केला, पण गोफण्यांनी आधी उचलला, डाव्या हातानं.

“हॅलो? हॅलो, कोण? दिगंबर? दिग्या, आवाज दे! हात... हात हायेत का तुझे?”

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. गोफण्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते रडायला लागले, एखादा माणूस घरच्या माणसांत रडतो तसे, मोठ्यानं. “बंद कर रे बाबा. बटण दाबून बंद कर, मग पुस. मी चुकीचं सांगितलं होतं. बंद कर आधी.”

नंतर कळलं की सणस शेडमध्ये शिरले तेव्हा दिगंबर कापड ओलं करून रोलरसमोर उभा होता. वाळुंजांनी त्याला कुठला तरी कागद शोधायला लावला होता, म्हणून त्याला उशीर झाला होता. सणस त्याला तसाच धरून गेटवरच्या फोनपाशी घेऊन आले होते.

मग कुवाबारा-सान म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही मराठीत सांगितलंत तेव्हा मी मान हलवली. काय सांगताय ते मला कळत नव्हतं, तरी हलवली.” थोडं थांबून ते म्हणाले, “हे त्यांना सांगा.”

मी सांगितलं. गोफण्यांनी डोळे पुसले. त्यांना साहेबांच्या मान हलवण्यात काही रस नव्हता. ते माझ्याकडेच बघत होते.

“मॅडम, तुम्ही आता कारखान्यात सांगणार हे?”

“हो. आजच.”

“ते सांगा. पण त्याच्या आधी माझ्या घरी चला.”

मी फोन पर्समध्ये ठेवला.

“माझी आई रोज उठून म्हणते, ध्यान कुठं होतं तुझं. सासरे म्हणतात मोबाईल बघत असणार. बायको काही म्हणत नाही, पण भरवताना माझ्याकडं बघत नाही. मीपण तेच धरून बसलो होतो, की माझीच चूक. मी सांगून त्यांना खरं वाटणार नाही. तुम्ही सांगा.”

“काय म्हणताहेत?” कुवाबारा-साननी विचारलं.

मी ते जपानीत सांगितलं. कुवाबारा-सान उठले, काउंटरवर पैसे देऊन आले आणि ड्रायव्हरला गाडी दाराशी आणायला सांगितलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. मी लेखी दिलं, अहवाल बदलला, माझी नोकरी गेली, आणि ती जायलाच हवी होती. गोफण्यांना हत्यारांच्या स्टोअरमध्ये कायम केलं. रोलर पुसताना मशीन आपोआप बंद पडेल अशी सोय कुवाबारा-साननी दोन्ही शेडमध्ये करून घेतली आणि मगच ते जपानला परतले. मी पुन्हा कधी दुभाषी म्हणून उभी राहिले नाही. आता घरी बसून पुस्तकांची भाषांतरं करते, आणि एखादा शब्द अडला तर लेखकाला चारदाच काय, दहादा पत्र लिहिते. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आम्ही कुरुळीला, गोफण्यांच्या घरी गेलो. एका रांगेत पत्र्याच्या आठ-दहा खोल्या, पुढे सामाईक ओटा. गाडी थांबली तशी एक बाई बाहेर आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. गोफणे म्हणाले, “उज्ज्वला, ह्या कारखान्यातल्या मॅडम. काहीतरी सांगणारेत. ऐक.”

मी गाडीत बसून वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी दाराची चौकट धरली.

“तुमच्या मालकांची काही चूक नव्हती,” मी म्हणाले. “मशीन बंद करून पुसा, असं साहेबांनी सांगितलं होतं. मी त्यांना सांगितलं, बंद करायची गरज नाही. त्यांनी माझं ऐकलं, म्हणून बोटं गेली. मला हे दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही.”

उज्ज्वला माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं, नीट, डोळ्यांत. मग परत माझ्याकडे. ती शिवी देईल, दार लावून घेईल, असं मला वाटत होतं, आणि त्यातलं काहीही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“परत सांगा,” ती म्हणाली.

“तुमच्या मालकांची...”

“असं नाही. मोठ्यानं सांगा. आत सासूबाई हायेत, त्यांना कमी ऐकू येतं.”

मी चौकट सोडली, आत तोंड केलं आणि पहिल्यापासून परत सांगितलं. मोठ्यानं, शेजारच्या खोल्यांची दारं एकेक करून उघडेपर्यंत.